घरी 12 जणांसाठी स्पॅनिश सांग्रिया करायची आहे. वाइन कुठली घ्यावी, आणि आदल्या रात्री करून ठेवली तर चालेल का?

सांग्रिया म्हणजे शेवटी रेड वाइनमध्ये फळं, रस आणि साखर घालून केलेलं गार पेय, तेव्हा वाइन स्वस्तातली घ्या. आदल्या रात्री अर्धीच करा. या दोन्ही गोष्टी मी चारचौघांत फजिती करून घेऊन शिकलोय म्हणून लिहायला बसलो, नाहीतर रेसिपी काय, कुठेही मिळते.

आम्ही सात वर्षं स्पेनमध्ये सारागोसाला राहतोय. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सासुरवाडीला नाशिकला गेलो होतो, थर्टी फर्स्टला मेहुण्याच्या गच्चीवर पार्टी ठरली, बारा-पंधरा माणसं, आणि बायकोनं सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की हे सांग्रिया करतील, खरी, तिकडची. मी पण चढलो हरभऱ्याच्या झाडावर. मेहुणा पक्का नाशिककर, म्हणजे वाइनबद्दल कुणी काही बोलायचं तर आधी त्याला विचारून. मी म्हणलं दुकानातली सगळ्यात साधी रेड आण, चार बाटल्या. हा पठ्ठ्या आला तो रिझर्व्ह घेऊन, ओकच्या पिंपात मुरवलेली, एकेक बाटली हजाराच्या वर. "दाजी, लोकांना बोलवून साधी पाजायची का?"

तिथेच आमचं वाजलं. अरे, पिंपात मुरलेल्या वाइनला जी लाकडाची, तुरट अशी चव असते तिचेच तर आपण पैसे मोजतो, आणि मग त्यात साखर, संत्र्याचा रस आणि दालचिनी घालायची म्हणजे पैठणीचं पायपुसणं करायचं. वर ती थंड केली की तुरटपणा जास्तच जाणवतो. इकडे सारागोसाजवळ कारिन्येना म्हणून भाग आहे, तिथली गार्नाचा द्राक्षाची ताजी वाइन सुपरमार्केटात दोन-तीन युरोला मिळते, घरच्या सांग्रियाला लोक तीच घेतात. एवढं सांगूनही हा म्हणतो, "म्हणजे नाशिकची वाइन तुम्हाला हलकी वाटते." मग मीही चिडून सांगितलं की युरोपियन युनियनच्या 2014 च्या नियमाप्रमाणे नुसतं 'सांग्रिया' हे नाव फक्त स्पेन आणि पोर्तुगालमध्ये बनलेल्यालाच लावता येतं, त्यामुळे तू कुठलीही बाटली आण, ती सांग्रिया नाहीच. (तो नियम विकायच्या बाटलीवरच्या लेबलचा आहे, गच्चीवरच्या पातेल्याचा नाही, पण हे मी तेव्हा बोललो नाही.)

शेवटी त्याचीच रिझर्व्ह वापरली. आदल्या रात्री सासूबाईंच्या मोठ्या स्टीलच्या पातेल्यात वाइन, साखर, ब्रँडी, दालचिनी, सफरचंदं आणि सहा नागपुरी संत्री, सालीसकट गोल चकत्या करून, फोटोत दिसतात तशा. पातेलं फ्रिजमध्ये ठेवून मी झोपलो. सकाळी बघतो तर मेहुण्यानं मागाहून दोन बाटल्या सोडा आणि वाटीभर डाळिंबाचे दाणे टाकलेले. "मुरायला हवं ना सगळं!" सोडा मुरतो का कुठे? त्यातला गॅस जातो आणि उरतं ते पाणी.

संध्याकाळी पहिला ग्लास एका काकांनी उचलला, एक घोट घेतला आणि ग्लास कठड्यावर ठेवून दिला. कडू. सपक आणि कडू. मेहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, स्पेनमध्ये कारलं पण घालतात का?" झालं. तेव्हापासून दर थर्टी फर्स्टला फॅमिली ग्रुपवर कारल्याचा फोटो येतो. सासरे त्याला अंगठा देतात.

मी दोन वर्षं सगळं खापर त्याच्या सोड्यावर आणि रिझर्व्हवर फोडत होतो. परवा आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना हा किस्सा सांगितला तर त्या हसल्या नाहीत, एकच विचारलं, संत्र्याची पांढरी साल काढली होतीस का? आणि मग मला घरात नेऊन करून दाखवलं. बटाटे सोलायच्या सोलाण्यानं वरची फक्त केशरी साल काढली, इतकी पातळ की उजेडात धरली तर आरपार दिसावं, तेवढीच वाइनमध्ये टाकली. संत्र्याचा रस वेगळा पिळला आणि साखर आधी त्या रसात विरघळवून घेतली, कारण थंड वाइनमध्ये साखर तळाशीच बसते. पांढरा भाग एक कण नाही. इकडे नेव्हल जातीची संत्री मिळतात, त्यांना बिया नसतात, त्यामुळे बियांचा विषय आजींच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं, पण माझ्या आला. नागपुरी संत्र्यात बियाच बिया, मी सुरीनं त्यांच्या मधूनच चकत्या कापलेल्या, आणि तो ऐवज जवळजवळ वीस तास वाइनमध्ये पडून होता. कडू होणार नाही तर काय.

आजी फळ म्हणून पीच घालतात, कालांदा गावचे, पिवळे, घट्ट. झाडावरच एकेका पीचला कागदी पिशवी बांधतात, नाशिकला थंडीत द्राक्षाच्या घडांना पेपर लावतात ना, तसंच काहीसं. डिसेंबरात तुम्हाला पीच मिळायचे नाहीत, सफरचंद चालेल. केळं, कलिंगड नको, लगदा होतो. डाळिंब तर अजिबात नको, दाणे घशात जातात.

तर तुमच्या 12 जणांसाठी: साध्या, कमी वयाच्या रेडच्या चार बाटल्या (3 लिटर), चार संत्र्यांचा गाळलेला रस, त्यात आठ-दहा चमचे साखर, एका लिंबाची आणि एका संत्र्याची पातळ साल, दालचिनीचा एक तुकडा, फळांच्या फोडी, ब्रँडी अर्धा कप. वाइन, रस-साखर, दालचिनी आणि ब्रँडी आदल्या रात्री एकत्र करून ठेवलीत तरी चालेल, साल आणि फळं मात्र पार्टीच्या दोन-तीन तास आधी. सोडा साधारण एक लिटर, तो आणि बर्फ पाहुणे दारात आले की. स्प्राइट वगैरे घालणार असाल तर साखर निम्मी करा. गोव्याची पोर्ट वाइन वापरू नका, ती आधीच गोड असते, आणि वापरायचीच असेल तर साखर काढून लिंबू वाढवा. आजींच्या मातीच्या जगची चोच चिमटीत धरून दाबल्यासारखी अरुंद आहे, त्यामुळे बर्फ आणि फळं आत अडतात, ग्लासात धबकन पडत नाहीत. तसा जग नसेल तर पळीनं वाढा, पातेल्यातून ओतू नका.

एक राहिलंच. पितानाच ती सरबतासारखी लागते, आहे मात्र वाइन आणि ब्रँडी, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला देऊ नका, आणि तळातली फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलांसाठी द्राक्षाच्या रसात, ब्रँडी सोडून, हेच सगळं वेगळं करा. आणि खरं सांगायचं तर इकडे उन्हाळ्यात लोक स्वतःसाठी सांग्रियापेक्षा तिंतो दे वेरानोच जास्त मागवतात, निम्मी रेड, निम्मा गोडसर सोडा, बर्फ, लिंबाची फोड, दोन मिनिटांचं काम. एवढा खटाटोप नको असेल तर तेच करा, कुणी नाव ठेवणार नाही.

मेहुणा हे वाचणार, बायको लिंक पाठवणारच आहे. तर बाबा, कडूपणा माझा, मान्य. सपकपणा तुझा, आणि रिझर्व्हचे चार हजार पण तुझेच. या थर्टी फर्स्टला कारलं पाठवायचं असेल तर अर्धं कापून पाठव.