रक्तवाहिन्यांच्या वाढीचे ‘नियंत्रण’ की ‘नियमन’?

एका अनुवादक वाचकाचा प्रश्न असा : ‘मेंदूतील आधारपेशी रक्तवाहिन्यांच्या वाढीचे नियंत्रण करतात’ हे वाक्य बरोबर आहे की तेथे ‘नियमन’ हवे? (आधारपेशी म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या भोवती राहून त्यांना आधार देणाऱ्या पेशी.)

माझे मत ‘नियमन’च्या बाजूने आहे. व्युत्पत्तीच्या आधारे मात्र हा निवाडा होत नाही, कारण ‘यंत्र’ आणि ‘यम’ हे दोन्ही शब्द आवरणे या अर्थाच्या ‘यम्’ धातूपासूनच आले आहेत. फरक पडला तो मराठीतील वापराने. गर्दीचे नियंत्रण, किडीचे नियंत्रण, रक्तदाब नियंत्रणात असणे, या सर्व प्रयोगांत जे वाढू पाहते त्याला आवर घालणे अभिप्रेत असते. नियमनात गरजेप्रमाणे वाढवणे आणि कमी करणे, दोन्ही येते.

आता या पेशींचे काम पाहावे. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यातील प्रकाश टिपणारा पडदा, हा मूळचा मेंदूचाच विस्तार असल्याने तेथे ते स्वच्छ दिसते. गर्भावस्थेत ॲस्ट्रोसाइट, म्हणजे ताराकृती आधारपेशी, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या टोकापासून दृष्टिपटलावर पसरू लागतात आणि रक्तवाहिन्यांच्या पुढे राहून त्यांच्यासाठी जणू मांडव घालतात. प्राणवायू कमी पडला, की या पेशी व्हीईजीएफ हे प्रथिन स्रवतात, आणि त्याच्या रोखाने रक्तवाहिन्यांची टोके सरकतात. रक्त पोहोचून प्राणवायू मिळू लागला, की तो स्राव ओसरतो व वाढ मंदावते. म्हणजे वाढीला चालना देणारी आणि ती थांबवणारी पेशी एकच. यातील पहिला अर्धा भाग ‘नियंत्रण’ या शब्दातून निसटतो.

(‘आधारपेशी’ या शब्दाबद्दल विचारलेले नाही, तरी सांगतो : जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ च्या सुमारास या पेशींच्या ऊतीला दिलेल्या ‘न्यूरोग्लिया’ या नावातील ‘ग्लिया’चा अर्थ गोंद किंवा सरस असा आहे. त्यामानाने मराठी शब्द पुष्कळच न्याय्य आहे.)

हे नियमन बिघडल्याचे उदाहरण अकाली जन्मलेल्या बाळांत आढळते. जास्त प्राणवायू दिला गेल्यास व्हीईजीएफ घटते व अर्धवट पसरलेल्या रक्तवाहिन्यांची वाढ खुंटते. पुढे दृष्टिपटलाची गरज वाढते, तसे तेच प्रथिन अतोनात स्रवते आणि वेड्यावाकड्या, गळक्या वाहिन्या फुटतात. काही बाळांत त्यामुळे दृष्टिपटल सुटून दृष्टीही जाते.

अशा वेळी डॉक्टर व्हीईजीएफला अटकाव करणारे औषध डोळ्यात टोचतात किंवा लेसरचा उपयोग करतात. त्या उपचाराचे वर्णन करताना ‘वाढ नियंत्रणात आणली’ असे खुशाल लिहावे. तेथे ‘नियमन केले’ हे मिळमिळीत वाटेल. तुमच्या वाक्यात मात्र कर्ता पेशी आहेत, म्हणून ते ‘मेंदूतील आधारपेशी रक्तवाहिन्यांच्या वाढीचे नियमन करतात’ असे असावे.