चौथी-सातवीची मुलं टेक्सासच्या शाळेत घालताना

तू विचारलंस, "ताई, जुलैत डॅलसजवळ येतोय. पोरगी सातवीत जाईल, पोरगा चौथीत. दोघं दारव्ह्याला सेमी इंग्रजीत शिकली. तिकडे मुख्य विषय कोणते, अन् पोरं मागं तर नाही पडणार?" नऊ वर्षांपूर्वी दर्यापूरजवळच्या खेड्यातून माझा मुलगा घेऊन मी आले, तेव्हा हाच घोर मला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुख्य विषय चारच: इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सोशल स्टडीज. पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी एलिमेंटरी, सहावी ते आठवी मिडल स्कूल. बऱ्याच राज्यांत कॉमन कोअर, म्हणजे इंग्रजी-गणितात काय यायला हवं याची सामायिक चौकट, चालतो; टेक्सासने तो घेतलाच नाही. इथला अभ्यासक्रम राज्याचा स्वतःचा, त्याला टीक्स म्हणतात. तेव्हा न्यू जर्सीतल्या नातेवाइकांना विचारून पुस्तकं घेऊ नकोस. सध्या तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची स्टार नावाची राज्य परीक्षा असते. विज्ञानाची पाचवीत आणि आठवीत, सोशल स्टडीजची फक्त आठवीत.

गणिताची भीती सोड. आपल्या पोरांचे पाढे पाठ असतात, ते इथे फार उपयोगी पडतात. अडचण वेगळ्याच जागी येते. माझ्या मुलाला पहिल्या आठवड्यात चाचणी दिली: चार क्वार्टर आणि तीन डाइम मिळून किती सेंट? सतराचा पाढा घडाघडा म्हणणारं पोर गप्प बसलं, कारण क्वार्टर म्हणजे २५ सेंट आणि डाइम म्हणजे १० हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला कच्च्या गटात बसवलं आणि मी सहा महिने तोंड उघडलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तू तसं करू नकोस, लगेच शिक्षकांना भेट. निघण्याआधी नाणी, इंच-फूट-यार्ड आणि पाउंड-औंस पक्के करून घे. संख्या लिहिताना आपण १,२५,००० लिहितो, इथे १२५,०००. स्वल्पविरामाची जागा बदलून दे. आणि २४ गुणिले १३ साठी पोरगा चौकटी काढून २००, ६०, ४०, १२ अशी बेरीज करायला लागला तर रागावू नकोस. उत्तर ३१२ च येतं, पण ते कसं आलं हे त्याला मांडून दाखवावं लागतं.

खरी मेहनत इंग्रजीत आहे. आपल्याकडे धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून उतरवलं की भागतं. इथे उतारा वाचायचा, आपलं म्हणणं मांडायचं आणि उताऱ्यातला पुरावा द्यायचा. म्हणून आत्तापासून दोघांना रोज मराठीतलंच काही वाचायला देऊन "तुला असं का वाटलं, कुठल्या ओळीवरून?" असं विचार. ही सवय मराठीत लागली की इंग्रजीत उतरते, हे मी घरात पाहिलंय.

सोशल स्टडीजमध्ये गंमत बघ. आपल्याकडे चौथीला शिवराय आणि सातवीला मराठ्यांचा इतिहास. टेक्सासातही चौथीला आणि सातवीला टेक्सासचाच इतिहास. १८३६ मधली अलामोची लढाई, मेक्सिकोपासून सुटका, १८४५ मध्ये अमेरिकेत सामील होणं. सेमीतल्या पोरांनी इतिहास मराठीतून शिकलेला असतो, त्यामुळे हाच विषय सुरुवातीला जड जातो. पण कापूस आला की माझ्या मुलाला बोलायला तोंड फुटलं. टेक्सास अमेरिकेत कापसात पहिलं, आणि वर्गात पऱ्हाटीचं बोंड हातात धरून फोडलेलं पोर तो एकटाच!

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असं विचारतील. मराठी, असंच लिही. शिक्का बसेल म्हणून लोक इंग्रजी लिहितात आणि पोराची मदत बुडवतात. मराठी लिहिलं की चार आठवड्यांत इंग्रजीची चाचणी होऊन गरजेप्रमाणे जादा शिकवणी मिळते, फुकट.

लसींचं आत्ताच बघ. आपल्या सरकारी लसीकरणात कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए नाही, इथे दोन्हींचे दोन-दोन डोस लागतात. सातवीसाठी धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा डोस आणि मेनिंजायटिसची लसही. अमरावती किंवा नागपूरला बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन कार्डावर तारखा लिहून घे.

आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडते, इथे ऑगस्टच्या मध्याला. शाळा सोडल्याचा दाखला मात्र दारव्ह्याच्या शाळेतली गर्दी व्हायच्या आत काढ. घराचा पत्ता ठरला की कळव. सरकारी शाळा पत्त्यावरूनच ठरते, करारावर सही करण्याआधी मी बघून सांगते.