फ्लॉरेन्समध्ये दोनच दिवस आहेत, कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे, तर गाइडसोबतचा फोटोग्राफी वॉक घ्यावा का?

हो, नक्की घ्या, मोबाइल असला तरी काहीच बिघडत नाही. फक्त बुक करताना वेळ बघा, कारण सगळा खेळ उजेडाचा आहे. भर दुपारचा असेल तर सरळ सोडा, गल्ल्या अरुंद, त्यामुळे खाली काळोख आणि वर डुओमो या मुख्य कॅथेड्रलचा संगमरवर पांढराफटक येतो (तशी वेळ आलीच तर स्क्रीनवर संगमरवराच्या जागी टॅप करून ब्राइटनेस खाली ओढा, मग हिरवे-गुलाबी पट्टे दिसायला लागतात).

सूर्यास्ताला सगळे पियाझाले मिकेलान्जेलो या टेकडीवरच्या चौकात गर्दी करतात, आकाश भारी मिळतं पण ऊन समोरून येतं आणि शहर काळपट पडतं. मला विचाराल तर तिथे सकाळी लवकर जा, ऊन पाठीमागून येतं आणि १४३६ मध्ये पूर्ण झालेला, वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने उभारलेला डुओमोचा घुमट विटांच्या रंगासकट उठून दिसतो. पोन्ते वेक्कियो हा दुकानांचा जुना पूल मात्र संध्याकाळीच, तेही त्या पुलावर उभं राहून नाही तर शेजारच्या सान्ता त्रिनिता पुलावरून, पश्चिमेचं ऊन थेट त्या पिवळ्या-तांबूस दुकानांवर पडतं आणि आर्नो नदीचं पाणी संथ असेल तर कमानींचं प्रतिबिंबही मिळतं.

आणि गाइडला आधीच विचारा की नदीपलीकडे ओल्त्रार्नो भागात नेणार का, तिकडे अजून कारागिरांची वर्कशॉप्स आहेत, फोटो काढायच्या आधी परवानगी मागा, गाइड इटालियन बोलणारा असला की ते सोपं जातं आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच.