माती कुणी हलवली?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बेळगावजवळच्या येळ्ळूर गडाच्या उतारावर तुम्ही पोरापोरींनी दोन पावसाळे गाजर गवत उपटलं आणि यंदा एप्रिलच्या वळिवानंतर ते पुन्हा गुडघ्याएवढं झालं. त्यात तुझ्या प्रबंधासाठी कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा सांगतो की 2050 पर्यंत अर्धा खानापूर तालुका लाल, म्हणजे गाजर गवताला पोषक. म्हणून तू विचारतेस, "बाई, हवामानच बदलतंय तर उपटून उपयोग काय?"

तुझा रानावर जीव आहे आणि कष्टाला तू मागं हटत नाहीस, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. त्यावर शाई घालवत नाही. मला एवढंच सांग, त्या उतारावरची माती कुणी हलवली?

नकाशात तू तापमान घातलंस, पाऊस घातलास. जेसीबी घातलास का? गडाकडं जाणारा रस्ता रुंद केला तेव्हा कडेला टाकलेला मुरूम कुठल्या खाणीतून आला, त्या खाणीच्या तोंडाशी काय उगवलं होतं, हे तुझ्या त्या प्रोग्रामला कसं कळणार? त्याला सरासरी कळते. ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेला चिखल कळत नाही.

हवामानाचा यात हात नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि मोठा आहे. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 280 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. आपल्या चिकोडी-अथणीकडचा ऊस, मका, ज्वारी यांना या वाढीचा फारसा फायदा नाही, त्यांची पानंच तशी घडलेली. गाजर गवत मात्र त्यावर फोफावतं. शेतकरी म्हणतो तण माजलं, ते खोटं नाही.

आणि पावसाचं बघ. गाजर गवताला ऋतूचं सोयरसुतक नसतं. ओल मिळाली की बी रुजतं, महिन्या-दीड महिन्यात पांढरी फुलं, आणि एका मोठ्या झाडाला हजारोंनी बी. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा आपल्याकडं 1984 मध्ये बेंगळुरूत सोडला होता. तू पाहिला असशीलच, मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघा. त्याच्या अळ्या कोवळे शेंडे असे कुरतडतात की नुसते दांडे उरतात. पण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तो भुंगा बहुतेक करून मातीत झोपलेला असतो, मृगाच्या पावसानं वर येतो. आता पाऊस मार्चमध्येच पडला तर? तण जागं, भुंगा झोपेत. पुढच्या वळिवानंतर गुडघ्यावर बसून पानं उलटून बघ. मी बघते. बहुतेक वेळा एकही अळी दिसत नाही. एखाद्या अंशाच्या फरकानं नकाशा रंगवण्यापेक्षा हे लिहून ठेवलंस तर मला जास्त आनंद होईल.

2019 च्या ऑगस्टचा महापूर तुला आठवतोय. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा, तिन्ही एकदम. पाणी ओसरल्यावर गोकाककडच्या शेतांत गाळ बसला, आणि त्या गाळातून काय काय उगवलं ते पेरलेलं नव्हतं. तेव्हाही सगळे म्हणाले, हवामान! हो गं, पाऊस हवामानाचा. पण नदीच्या काठावरची झाडं कुणी तोडली, वाळू कुणी उपसली, पाण्याबरोबर इतकी माती कुठून सुटून आली? माती कुणी हलवली?

माझा एकच हेका आहे हे तू वर्गात असल्यापासून ऐकतेस. कंटाळलीस तरी ऐक. बी सगळीकडं पडतं. रुजतं तिथं, जिथं जमीन उघडी आहे आणि डोक्यावर ऊन आहे. कणकुंबीच्या दाट रानात, जिथून मलप्रभा निघते, तिथं आत शिरून गाजर गवत शोध. दमशील. मग बाहेर ये आणि चोर्ल्याच्या रस्त्याच्या कडेनं चाल. रानमोडी, तेही असंच बाहेरून आलेलं झुडपी तण, कुठवर आली आणि कुठं थांबली, ते झाडांच्या सावलीच्या रेषेवरून कळतं. घाणेरी, म्हणजे टणटणी, 1807 च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेला आणली. तेव्हा कुठलं आलं होतं हवामान बदलायला? गाजर गवत 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्यात दिसलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं म्हणतात. वेडी बाभूळ, म्हणजे सौंदत्ती-रामदुर्गाकडं जिला बळ्ळारी जाली म्हणतात, ती तर सरपण होईल म्हणून हौसेनं लावली. वाट माणसानं करून दिली. हवामान आता त्या वाटेवरचं दार उघडं धरून उभं आहे, एवढंच.

तुझे मार्गदर्शक म्हणतात की जागतिक बदलाचा संदर्भ नसेल तर पेपर छापून येत नाही. घाल की संदर्भ. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा 2023 चा अहवाल आहे: माणसानं इकडून तिकडं नेलेल्या सजीवांच्या जाती 37,000 च्या वर, त्यातल्या उपद्रवी 3,500 हून जास्त. छान आकडे आहेत, पहिल्या पानावर शोभतील. पण तोच अहवाल जमिनीचा वापर बदलण्यावरही बोलतो. तेवढं पान मुलं का उलटत नाहीत, मला कळत नाही.

आता माझं ऐकायचं तर ऐक. नोकरीची सगळी वर्षं मी पोरांना लॅटिन नावं पाठ करायला लावली. जांबोटीच्या रस्त्याच्या कडेला कुठलं तण कुठवर आहे, हे दरवर्षी एका वहीत लिहिलं असतं तर आज तुझ्या हातात काहीतरी असतं. नाही लिहिलं. त्या वेळी ते कुणाला अभ्यास वाटत नव्हतं, आणि परीक्षेचे पेपर तपासायला तर मीच होते. याची हळहळ मला शेवटपर्यंत राहणार.

म्हणून आता भांडते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांधकामासाठी मातीचे ट्रक आले तेव्हा मी ड्रायव्हरला थांबवून विचारलं, ही माती कुठली? तो हसला. गल्लीतले म्हणाले, बाईंचं डोकं फिरलंय. एका कार्यालयात लेखी अर्ज दिला, त्याचं उत्तर अजून यायचंय. पावसानंतर त्या ढिगावर काय आलं ते गल्लीनंच पाहिलं, आणि आता सगळ्यांची पोरं अंगाला खाज सुटली म्हणून डॉक्टरकडं जातात. मला कुणी भांडकुदळ म्हणो. विचारायला नको होतं का? तूच सांग.

तेव्हा उपटणं सोडू नका, पण बिनडोक उपटू नका. फुलं यायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून. फुलावर आलेलं शेणखताच्या खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी तेच शेतात पेराल. घाणेरी नुसती वरून छाटू नका, ती दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटं खणून मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. आणि सर्वांत मोठं काम हे की उपटलेली जागा उघडी सोडायची नाही. तुम्ही सोडलीत ना? फोटोत दिसतंय, लाल माती बोडकी पडलीय. मग तिथं माती हलवली कुणी? तुम्हीच! रागावू नकोस. मारवेल, पवना या आपल्या गवतांचं बी गोळा करा आणि त्याच दिवशी टाका. गुरं दोन पावसाळे आत येऊ नयेत म्हणून गावकऱ्यांशी बोला. ते फावड्यापेक्षा अवघड आहे, आणि कन्नड येणारं कुणीतरी बरोबर असू दे, गवळी आणि मेंढपाळ दोन्ही भाषांचे आहेत.

नकाशा फेकू नकोस. त्यात खाणी, रस्त्यांची कामं, वीटभट्ट्या आणि उसाच्या गाड्यांचे रस्ते टाक, मग रंग कुठं सरकतो ते बघ. नाही सरकला तर मला कळव, मी माझा हेका तपासून घेईन. सरकला तर तुझ्या मार्गदर्शकांना मी स्वतः फोन करते.

रविवारी ये. सातच्या आत, नंतर ऊन होतं. येताना त्या मुरुमाचा ठेकेदार कोण ते विचारून ये.

तुझी,
बाई