चितळांच्या आवारात शिरण्याआधी

आधी घड्याळ बघायला शीक. उजाडताना आणि दिवस कलताना नर चितळ सगळ्यात तापट असतात. भर दुपारी तेच सावलीत रवंथ करत पडतात. झाडलोट तेव्हाच उरक. त्यातही खरा तमाशा खुराक टाकल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत. एकच गव्हाण ठेवलीस तर थोराड नर बाकीच्यांना फिरकू देत नाही, म्हणून चारा चार-पाच ठिकाणी लांब लांब टाक.

मग शिंगं बघ. वर मखमली कातडं आहे तोवर ती नाजूक. तेव्हा भांडण जुंपलंच तर मागच्या पायांवर उभं राहून पुढच्या खुरांनी. कातडं खोडावर घासून निघालं, शिंगं टणक झाली, की मामला वेगळा. चितळांत हे चक्र प्रत्येक नराचं आपापलं चालतं, म्हणून वहीत नरागणिक नोंद ठेव.

कान मागे, मान ताठ, पावलं मोजत आडवं चालणं दिसलं, की पाठ न दाखवता फळी पुढे धरून दाराकडे सरक. आणि बाटलीच्या दुधावर वाढलेल्या नराचे लाड विसर, त्याला माणसाची भीतीच नसते. माझ्या मांडीवरचा व्रण अशाच एका लाडोबाचा आहे.