गाडीच्या रंगाच्या रक्षणासाठी पॉलिश करावे की वॅक्स लावावे?

आपली गाडी गडद निळ्या रंगाची आणि तीन वर्षांची आहे, ती दिवसभर उघड्यावर उभी असते, आणि रंग टिकावा म्हणून दर दोन महिन्यांनी पॉलिश करून घेण्याचा सल्ला आपल्याला मिळाला आहे. पॉलिश आणि वॅक्स यांत नेमका फरक काय आणि रंगाचे रक्षण कशाने होते, असे आपण विचारले आहे. थोडक्यात सांगायचे तर रक्षण वॅक्सने होते. पॉलिशने रक्षण होत नाही. उलट, पॉलिश दर वेळी रंगाच्या वरच्या थराचा काही अंश घासून काढते. म्हणून दर दोन महिन्यांनी पॉलिश करण्याचा सल्ला आपण मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मला हा सल्ला कोणी दिला नव्हता. मी तो स्वतःच्याच डोक्याने अमलात आणला आणि त्याचे परिणाम भोगले, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

घोटाळ्याचे मूळ 'पॉलिश' या शब्दातच आहे. बुटाला पॉलिश करतो तेव्हा आपण त्यावर मेणाचा थर चढवतो. फरशीला पॉलिश करतो तेव्हा मात्र काहीही चढवत नाही. यंत्राने फरशीच घासून सपाट आणि गुळगुळीत करतो. म्हणजे चढवणे आणि काढणे या दोन उलट कामांना आपण एकच शब्द वापरतो. गाडीचे पॉलिश हे फरशीच्या पॉलिशच्या जातीचे आहे आणि गाडीचे वॅक्स हे बुटाच्या पॉलिशच्या जातीचे. त्यात भर म्हणजे काही बाटल्यांवर ठळक अक्षरांत 'पॉलिश' लिहिलेले असते आणि आत प्रत्यक्षात वॅक्स असते. काहींत दोन्ही मिसळलेले असतात. त्यामुळे बाटलीच्या नावावर न जाता मागच्या बाजूची माहिती वाचावी. 'चरे काढते' असे लिहिले असेल तर त्यात घासणारे कण असण्याची शक्यता मोठी आहे. 'थर देते', 'पाणी टिकू देत नाही' असे लिहिले असेल तर ते वॅक्स किंवा त्याचा भाऊबंद आहे.

आता गाडीच्या पत्र्यावर नेमके काय असते ते पाहू. पत्र्याला गंजापासून वाचवणारा तळाचा लेप, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर, अशी आजच्या बहुतेक गाड्यांची रचना असते. हे सगळे थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती पातळ थराबद्दल बोलत आहोत याची कल्पना येईल. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्ये या क्लिअर कोटमध्येच मिसळलेली असतात. चकाकीही त्याचीच असते. गाडीच्या रंगाचा खरा रक्षक हा क्लिअर कोट आहे. तो कारखान्यातून एकदाच मिळतो आणि त्यानंतर तो फक्त कमी होऊ शकतो.

पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाचे अतिशय बारीक कण असतात. कंपाउंड म्हणून जे मिळते ते याच कुळातले, पण अधिक भरड. क्लिअर कोटवरचा बारीक चरा म्हणजे एक सूक्ष्म घळ असते. तिच्या कडांवर पडलेला प्रकाश भलतीकडे परावर्तित होतो आणि म्हणून तो चरा आपल्याला दिसतो. पॉलिश ही घळ बुजवत नाही. ते आजूबाजूचा पृष्ठभाग घासून घळीच्या तळापर्यंत खाली आणते. आजूबाजूची पातळी उतरली की घळ उरत नाही आणि गाडी नव्यासारखी दिसू लागते. परिणाम खरोखर सुंदर असतो, याबद्दल वाद नाही. हलक्या हाताने केलेल्या पॉलिशमध्ये एखादा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी जाडी जाते. भरड कंपाउंड आणि यंत्र वापरल्यास त्याच्या कित्येक पट जाऊ शकते. म्हणून गाडीच्या साऱ्या आयुष्यात काही मोजक्याच वेळा पॉलिश करता येते, असे धरून चालावे.

माझी चूक नेमकी इथेच झाली. माझ्या आधीच्या जुन्या गाडीला क्लिअर कोट नव्हता, एकाच थराचा साधा रंग होता. तिला पॉलिश करताना फडक्याला रंग लागत असे, आणि ते पाहून हात आपोआप आखडता घेतला जाई. पुढची गाडी क्लिअर कोटची होती. तिला कितीही घासले तरी फडक्यावर पॉलिशचाच पांढुरका गाळ दिसे, रंगाचा टिपूसही नसे. क्लिअर कोट पारदर्शक असल्यामुळे तो निघताना फडक्यावर दिसत नाही, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, आणि काहीच निघत नाही अशा समजुतीत मी सुमारे दोन वर्षे, जवळजवळ दर महिन्याला, यंत्राने पॉलिश करत राहिलो. मग एक दिवस बॉनेटच्या उंच कडेवर बोटभर लांबीचा निस्तेज, फिकट पट्टा दिसला. पाण्याने ओला केला की तो नाहीसा होई आणि वाळला की पुन्हा दिसे. क्लिअर कोट तिथे पार संपला होता. काही महिन्यांत त्या पट्ट्याच्या कडांनी सालपटे सुटू लागली. अशा जागेवर वॅक्स, पॉलिश किंवा अन्य कोणत्याही बाटलीचा उपयोग होत नाही. तो भाग पुन्हा रंगवणे हाच उपाय असतो.

वॅक्सचे काम याच्या उलट आहे. ते काही काढत नाही, वर एक अतिशय पातळ मुलामा देते, आणि ऊन, पाऊस, धूळ यांचा मारा आधी हा मुलामा झेलतो. पारंपरिक वॅक्समधला मुख्य घटक म्हणजे कार्नोबा मेण. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. कोरड्या हवेत पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच हा लेप तयार करते. हे मेण इतके कठीण असते की तसेच लावता येत नाही. तेल, द्रावक आणि मऊ मेणे मिसळून त्याची लगदी करावी लागते. त्याचा वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश सेल्सिअस, म्हणजे मेणांमध्ये बराच वरचा आहे. तरीही कडक उन्हात गडद रंगाचा पत्रा ७० अंशांच्या आसपास तापू शकतो आणि मिश्रणातले मऊ घटक त्याआधीच ढिले पडतात, त्यामुळे आपल्यासारख्या उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गडद गाडीवर कार्नोबा वॅक्स काही आठवड्यांपासून फार तर दोन महिन्यांपर्यंत टिकेल. कृत्रिम पॉलिमरपासून बनवलेले सीलंट मिळते, ते साधारण चार ते सहा महिने टिकते. त्याची चकाकी कार्नोबाइतकी ऊबदार नसते असे अनेक जण म्हणतात. मला स्वतःला तो फरक चार पावलांवरून ओळखता आलेला नाही. आपल्या गाडीसाठी मी सीलंटच सुचवेन. सिलिकावर आधारलेले सिरॅमिक कोटिंग काही वर्षे टिकते, पण ते लावण्यापूर्वीची तयारी कष्टाची असते आणि चुकल्यास ते काढण्यासाठी पुन्हा पॉलिशच करावे लागते.

वॅक्सकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. त्याचा थर एका मायक्रॉनहूनही कमी जाडीचा असतो, त्यामुळे किल्लीचा ओरखडा किंवा चाकाने उडवलेला खडा तो अडवू शकत नाही. अतिनील किरणांविरुद्धही मुख्य काम क्लिअर कोटच करतो. वॅक्सचा खरा उपयोग पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, मेलेले किडे आणि रस्त्यावरची काजळी यांच्याविरुद्ध आहे. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. त्यातच उन्हाने क्लिअर कोट मऊ होतो, फुगतो, आणि संध्याकाळी थंड होताना त्या वाळलेल्या खपलीच्या आकारातच आक्रसतो. डाग धुतल्यावरही मागे राहणारा खडबडीत ठसा अशा रीतीने उमटतो. वॅक्स असेल तर हे घडायला उशीर लागतो आणि आपल्याला धुण्यासाठी थोडी सवड मिळते. ती सवड संपण्यापूर्वी ओले फडके काही मिनिटे त्यावर ठेवून, मऊ झालेली घाण न घासता उचलून घ्यावी. कोरडे खरवडणे म्हणजे नवे चरे पाडणे होय.

आपल्या गाडीला सध्या काय हवे आहे हे ठरवण्यासाठी ती आधी नीट धुऊन वाळवावी. अंधाऱ्या जागी बॉनेटवर विजेरीचा झोत टाकून पाहावे. झोताच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसत असतील तर ते धुताना-पुसताना पडलेले बारीक चरे आहेत. ते वर्तुळाकार दिसतात, पण खरे तर सगळीकडे वेड्यावाकड्या दिशांनी पडलेले असतात. प्रकाशाला आडवे असलेलेच तेवढे चमकतात. गडद रंगावर ते हटकून उठून दिसतात, म्हणून गडद गाड्यांच्या मालकांना पॉलिशचा मोह अधिक होतो. चऱ्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तो चरा इतका खोल आहे की पॉलिशने तो घालवण्याचा हट्ट धरू नये. मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटे पत्र्यावरून फिरवावीत. खरखर लागली तर ती चिकटलेल्या कणांची असते आणि ती पॉलिशने नव्हे, तर क्ले बार या चिकणमातीसारख्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून काढावी. शेवटी पाणी शिंपडून पाहावे. टपोरे थेंब होऊन ते घरंगळत असेल तर आधीचे वॅक्स शाबूत आहे. सपाट पसरून राहत असेल तर ते संपले आहे. मात्र हे थेंब उन्हात तसेच वाळू देऊ नयेत, कारण पाण्यातील क्षार मागे राहून पांढरे डाग पडतात.

तीन वर्षांत चरे डोळ्यांना खुपण्याइतके झाले असतील तर एकदा, सर्वांत सौम्य पॉलिशने, सावलीत आणि पत्रा थंड असताना पॉलिश करण्यास माझी हरकत नाही. ते आपण दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तर कंपाउंड वापरणार की सौम्य पॉलिश, आणि रंगाची जाडी मोजण्याचे उपकरण आहे का, हे आधी विचारावे. पत्र्याच्या कडा आणि उंच रेषा यांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि यंत्राचा दाबही तिथेच एकवटतो, म्हणून त्यांवर मास्किंग टेप लावलेली असावी. काही ठिकाणी घासण्याऐवजी चरे तात्पुरते बुजवणारे तेलकट ग्लेझ लावून गाडी चकाचक करून देतात. दोन-चार धुण्यांत चरे पुन्हा दिसू लागले तर काय झाले ते ओळखावे.

पॉलिशनंतर त्याचे तेल पत्र्यावर उरते आणि त्यावर वॅक्स किंवा सीलंट नीट धरत नाही. त्यामुळे पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून घ्यावा आणि मगच वॅक्स लावावे. हा क्रम उलटा करून चालत नाही. वॅक्स लावून वर पॉलिश करणे म्हणजे आपण चढवलेला मुलामा आपल्याच हाताने घासून काढणे. वॅक्स अगदी पातळ लावावे, कारण जादा लावलेले पुसताना फडक्यातच जाते. काळ्या खरखरीत प्लॅस्टिकला ते लागू देऊ नये, तिथले पांढरे डाग चिवट असतात. ज्या गाडीचा रंग मुद्दाम निस्तेज, मॅट ठेवलेला असतो तिला पॉलिश आणि नेहमीचे वॅक्स दोन्ही वर्ज्य आहेत. यापुढे आपण दर चार महिन्यांनी सीलंट लावत गेलात आणि गाडी धुताना कोरडे फडके मारणे टाळलेत, तर पुढील दोन-तीन वर्षे पॉलिशची गरज पडू नये.

माझ्या गाडीचे ते बॉनेट मी अखेर पुन्हा रंगवून घेतले. नव्या रंगावर लगेच वॅक्स लावण्यासाठी मी डबा उघडून बसलो होतो, तेव्हा रंगवणाऱ्याने मला थांबवले. कारखान्यातला रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत पक्का होतो, पण दुरुस्तीचा रंग इतका तापवता येत नाही आणि त्यातील द्रावक पुढे कित्येक दिवस हळूहळू उडून जात असतात. वरून वॅक्सचा थर बसला तर ते आतच कोंडतात. त्यामुळे वापरलेल्या रंगानुसार ३० ते ९० दिवस थांबावे लागते. आपल्या गाडीचा एखादा भाग अलीकडे रंगवलेला असल्यास तेवढा भाग सोडून बाकीच्या गाडीला वॅक्स लावावे. साध्या पाण्याने धुण्यास मात्र तिथेही अडचण नाही.