वाचकांचे प्रश्न : पंप चालतो, पण पाणी अडखळते

प्रश्न : इंग्लंडमध्ये मी व्हॅनमधील टाकी व १२ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपावर खिडक्या धुण्याचा व्यवसाय करतो. पंप आवाज करतो, परंतु ब्रशला पाणी अडखळत येते. पंप बदलावा का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : एवढ्यात बदलू नका. आधी टाकी ते पंप हा भाग तपासा, कारण येथील क्लिप सैल असल्यास पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि त्यामुळे ही गळती सहसा नजरेतून सुटते. पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले, तर दोष तेथेच आहे. गाळणीही धुऊन घ्या.

त्यानंतर पंप चालू असतानाच बॅटरीच्या आणि पंपाच्या टोकांवरील व्होल्टेज मोजा. दोहोंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असल्यास फ्यूजचा होल्डर किंवा गंजलेले जोड बदलावेत. पंपाचा वेग सांभाळणारा कंट्रोलर वारंवार ‘डेड एंड’ (म्हणजे पुढे पाणी अडले आहे) असा इशारा दाखवत असेल, तर आधी होजपाइप कोठे दुमडला नाही ना, हे पाहून कॅलिब्रेशन (कंट्रोलर पंपाशी जुळवून घेणे) पुन्हा करावे.

एवढे करूनही दाब येत नसेल, तरच पंपाचे डोके उघडा. पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनचा एखादा दाणा व्हॉल्व्हखाली अडकला, तरी व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.